कर्करोगाचे उपचार आणि मलावरोध

माझ्या एका चुलत्यांची हकीकत सांगून सुरुवात करतो. वय सत्तरीच्या घरात, जन्म सारा शेतीत गेलेला, तंबाखूची सवय जुनी. गालाच्या आतल्या बाजूला एक चट्टा उठला, तो काही केल्या भरून येईना, आणि तपासणीअंती तो कर्करोग ठरला. उपचार सुरू झाले. पण ठणका असा की, रात्र रात्र ते खाटेवर बसून काढीत. डॉक्टरांनी वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आणि आठवडाभरात त्यांना स्वस्थ झोप लागू लागली. घरातल्या सगळ्यांनाच हायसे वाटले.

दहा-बारा दिवसांनी ठणका पुन्हा सुरू झाला. गोळ्या तर संपत होत्या, मग दुखणेच वाढले असले पाहिजे, आता काही खरे नाही, असे घरातली माणसे एकमेकांना आडून सांगू लागली. अखेर घरी तपासायला आलेल्या परिचारिकेने एक साधा प्रश्न विचारला, "बाबा, परसाकडला होतंय का?" चुलते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सात दिस झाले, बाई." आणि उशीखालून त्यांनी कागदाची एक पुडी काढली. न घेतलेल्या गोळ्या तिच्यात होत्या. या गोळ्यांनी पोट धरते, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. पण सुनांच्या देखत ही गोष्ट बोलायची कशी? म्हणून त्यांनी गोळ्याच बंद केल्या आणि ठणका मुकाट्याने सोसला.

पुढे डॉक्टरांनी पोट साफ होण्याचे औषध जोडीला दिले. दोन-तीन दिवसांत कोठा मोकळा झाला, मॉर्फिन पुन्हा सुरू झाले आणि झोपही परत आली. दुखणे वाढले नव्हते. एक प्रश्न कोणी विचारला नव्हता, एवढेच झाले होते.

श्रोतेहो, मी डॉक्टर नव्हे. पण घरात हा प्रसंग पाहिल्यावर या विषयाची माहिती मुद्दाम मिळवली, जाणत्यांना विचारली, आणि तीच आज आपल्यापुढे ठेवीत आहे. औषधाचे प्रमाण ठरविणे हे डॉक्टरांचे काम. आपले काम आहे ते तक्रार वेळेवर ओळखण्याचे आणि न लाजता सांगण्याचे.

प्रथम मलावरोध म्हणजे काय ते पाहू. रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण प्रत्येकाच्या पोटाची रीत निराळी असते. कोणाला दिवसातून दोन-तीनदा जावे लागते, तर कोणाला आठवड्यातून तीन वेळा झाले तरी त्रास नसतो. तेव्हा खरी खूण दिवस मोजण्याची नव्हे. त्या माणसाची नेहमीची रीत बदलली का, मल कोरडा व खडा झाला का, कुंथावे लागते का, जाऊन आल्यावरही पोट भरल्यासारखे वाटते का, हे पाहायचे. हा फरक दिसला की मलावरोध सुरू झाला असे समजावे.

आता आतड्याचे काम. आपण खाल्लेले अन्न लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात येते तेव्हा ते पातळ असते. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे. शेताच्या पाटात पाणी वाहता वाहता मुरत जाते, तसे या आतड्यात मलातील पाणी शोषले जाते, आणि आतड्याच्या भिंती आकुंचन पावून मल पुढे ढकलीत राहतात. ढकलण्याचा वेग मंदावला की मल आत जास्त वेळ राहतो, पाणी जास्त शोषले जाते, आणि अखेरीस त्याचा खडा बनतो. मलावरोधाची बहुतेक कारणे या एका गोष्टीपाशी येऊन मिळतात.

कर्करोगाच्या रोग्याचे आतडे मंदावते कशाने? पहिले कारण मॉर्फिन व त्याच्या गोतावळ्यातली औषधे. मॉर्फिन मिळते अफूपासून. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्यूर्नर नावाच्या जर्मन औषधतज्ज्ञाने ते अफूतून वेगळे काढले आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याचे नाव पडले. आता अफूचा एक गुण आपल्या जुन्या माणसांना चांगला ठाऊक होता. ढाळ लागले आणि थांबेनात, की ते अफूचा कण देत आणि ढाळ थांबत. का थांबत? तर अफू आतड्याची हालचाल रोखते, आतड्यात पाझरणारे रस कमी करते आणि गुदद्वाराचा स्नायू घट्ट करते. वेदना शमविण्यासाठी मेंदूत व मज्जारज्जूत ज्या ठिकाणी मॉर्फिन जाऊन बसते, तशीच ठिकाणे आतड्याच्या भिंतीतही आहेत. म्हणजे ढाळाच्या रोग्याला जो गुण उपयोगी पडत होता, तोच कर्करोगाच्या रोग्याला बाधतो. कोडीन, ट्रॅमाडॉल ही औषधेही याच जातीची. त्यांनीही पोट धरते.

दुसरे कारण खुद्द कर्करोगावरची काही औषधे. आपल्या अंगणातली सदाफुली सगळ्यांच्या ओळखीची आहे. हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे. त्याच्या पानांत अगदी अल्प प्रमाणात असलेल्या द्रव्यांपासून व्हिन्क्रिस्टीन नावाचे औषध बनते, आणि रक्ताच्या काही कर्करोगांत, विशेषतः लहान मुलांच्या, ते फार मोलाचे ठरले आहे. पण ते मज्जातंतूंना थोडी इजा करते, आणि आतडे हलविणारे तंतूही त्यात सापडतात. म्हणून त्या औषधाच्या सुईनंतर मुलाचे पोट फुगते का, शौचास होते का, याकडे आईने डोळ्यांत तेल घालून पाहावे. मूल आपण होऊन सांगत नाही. येथे हेही सांगून ठेवतो की, सदाफुलीची पाने घरी चावून किंवा उकळून हे औषध मिळत नाही. तसले प्रयोग घातक आहेत.

तिसरे कारण ओकारी थांबविणाऱ्या गोळ्या. उपचाराच्या दिवशी ऑन्डान्सेट्रॉनसारखे औषध देतात. त्याने मळमळ थांबते, पण पोटही जखडते. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्याही त्यात भर घालतात.

याखेरीज रोग्याचे राहणीमान बदललेले असते. तोंड आलेले, घास गिळवत नाही, म्हणून खाणे थोडे. अंगात बळ नाही, म्हणून हिंडणे-फिरणे बंद. आणि पाणी? श्रोतेहो, खेड्यातल्या रोग्याची एक गोष्ट डॉक्टरांच्या कागदावर कधी येत नाही. संडास घराबाहेर, रात्रीची वेळ, उठवायला दुसरे माणूस लागते. तेव्हा कोणाला त्रास नको म्हणून म्हातारे माणूस पाणीच कमी पिते. उपचारासाठी एस्‌टीने किंवा रेल्वेने शहरात जायचे असले, तर आदल्या दिवसापासून खाणेपिणे तोडते आणि वाटेत कळ आली तरी दाबून धरते. अशा चार-सहा खेपा झाल्या की पोट बिघडल्यावाचून राहत नाही.

आता उपायाकडे वळू. मॉर्फिन सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत गुंगी येते, मळमळते. शरीराला सवय झाली की हे त्रास बहुधा कमी होतात. मलावरोधाचे तसे नाही. त्याची सवय होत नाही. औषध चालू आहे तोवर तो त्रास राहतो. म्हणून जाणत्या डॉक्टरांचा नियम असा की, मॉर्फिनची पहिली गोळी ज्या दिवशी, त्याच दिवसापासून पोट साफ राखणारे औषधही द्यायचे. पोट अडण्याची वाट पाहायची नाही. चिठ्ठीवर मॉर्फिन आहे आणि सोबत असे औषध नाही असे दिसले, तर नम्रपणे विचारावे, "डॉक्टरसाहेब, पोट साफ होण्यासाठी काही द्यायचे राहिले आहे का?" यात वावगे काही नाही.

मात्र पोटासाठी मॉर्फिन बंद करणे हा उपाय नव्हे. ते एकाएकी बंद केल्यास ठणका तर उसळतोच, पण शरीराला सवय झालेली असल्याने घाम येणे, अस्वस्थ होणे, पोटात कळा येणे असे निराळे त्रासही होतात. अफूचे औषध म्हणजे व्यसन लागेल, अशी धास्तीही पुष्कळांना असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेसाठी, ठरल्या वेळी घेतलेल्या औषधाबाबत ही धास्ती बहुधा अनाठायी ठरते. एके काळी हे औषध मिळविणेच दुरापास्त होते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे नियम इतके किचकट होते की, पुष्कळ रुग्णालये मॉर्फिन ठेवीतच नसत. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाट पुष्कळ सोपी झाली. एवढ्या सायासाने रोग्यापर्यंत आलेले औषध पोट धरते म्हणून उशीखाली पडून राहावे, ही मोठी हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे.

पोट साफ राखणाऱ्या औषधांचे ठळक प्रकार समजून घेऊ. एक प्रकार आतड्याला चालना देणारा. सोनामुखीच्या पानांपासून केलेल्या गोळ्या किंवा बिसाकोडिल ही या प्रकारची औषधे. रात्री निजताना घेतली की सहा ते बारा तासांनी, म्हणजे सकाळच्या सुमारास गुण येतो. सोनामुखीने लघवीचा रंग थोडा तांबूस-पिवळा होऊ शकतो. त्याने घाबरून जाऊ नये. दुसरा प्रकार मलात पाणी धरून ठेवून तो मऊ करणारा. लॅक्टुलोजचे गोड पातळ औषध किंवा पाण्यात विरघळवून घ्यावयाची मॅक्रोगोलची भुकटी ही यातली. लॅक्टुलोजला एक-दोन दिवस लागतात, तेव्हा सकाळी घेतले आणि दुपारी गुण नाही म्हणून टाकून देऊ नये. मधुमेह असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. पुष्कळदा दोन्ही प्रकार मिळून द्यावे लागतात. आणि पोट साफ होऊ लागले की हे औषध सोडायचे नसते. ते चालू आहे म्हणूनच पोट साफ होते आहे. फार पातळ होऊ लागले तर प्रमाण कमी करण्याविषयी विचारावे.

इसबगोलाविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण तो घरोघरी असतो. निरोगी माणसाला तो चांगला. पण त्याला भरपूर पाणी लागते आणि पुढे ढकलणारे आतडेही लागते. पाणी पोटात जात नाही आणि मॉर्फिनने आतडे मंदावले आहे, अशा वेळी घेतलेला इसबगोल आत फुगून बसतो आणि अडथळा वाढवितो. म्हणून मॉर्फिन चालू असताना तो आपल्या मनाने देऊ नये. एरंडेल, जमालगोटा यांसारखे जहाल रेचही देऊ नयेत. आधीच अशक्त झालेल्या माणसाला त्यांनी मुरडा येतो, ढाळ लागतात आणि अंगातले पाणी कमी होते.

खाण्यापिण्याने मदत होते, पण ती मदतच. मॉर्फिनने धरलेले पोट नुसत्या पपईने सुटत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. गिळता येत असेल तर ज्वारीची भाकरी आमटीत किंवा ताकात कुस्करून द्यावी. मऊ शिजवलेली पालेभाजी, भोपळा, मुगाचे वरण, नाचणीची आंबील, भिजवलेले अंजीर व मनुका हे पदार्थ चांगले. चोथ्याचे अन्न वाढविताना पाणीही वाढले पाहिजे. पाणी एकदम तांब्याभर जात नाही. दर तासाला अर्धी वाटी द्यावे. पाणी, ताक, पेज, सार, जे रुचेल ते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारावे. पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा आतडे कुठे अरुंद झाले असेल, तर चोथ्याचे अन्न बाधते. तेथे डॉक्टर सांगतील तोच आहार. आणि उपचाराने रक्तातील पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात त्या दिवसांत फळे स्वच्छ धुऊन व सोलून, भाज्या शिजवूनच द्याव्या.

सकाळी उठल्यावर कोमट पाणी किंवा चहा आणि थोडी न्याहारी दिली की आतड्याला आपोआप चालना मिळते. ती वेळ साधून, घाई न करता, रोज त्याच सुमारास रोग्याला बसवावे. आपली उकिडवे बसण्याची रीत या कामाला फार सोयीची, कारण तसे बसल्याने शेवटची वाट सरळ होते. गुडघे साथ देत नसतील तर खुर्चीचा संडास वापरावा आणि पायांखाली पाट ठेवावा, म्हणजे गुडघे वर येतात व तोच फायदा मिळतो. बसल्यावर आडोसा द्यावा, दार लोटून घ्यावे. अंथरुणावर भांडे द्यावे लागले तर खोलीतली माणसे बाहेर जावीत. माणूस कितीही आजारी असला तरी त्याची लाज आजारी नसते. जमेल तेवढे चालणे, ओटीवर चार फेऱ्या घालणे, निदान उठून बसणे, हेही उपयोगी पडते.

काही गोष्टी मात्र करूच नयेत. डॉक्टरांना विचारल्यावाचून एनिमा देऊ नये, गुदद्वारात साबणाची वडी किंवा औषधाची कांडी घालू नये, बोटाने मल काढू नये. एरवी खेड्यात हे उपाय सर्रास करतात. पण उपचाराच्या काळात पांढऱ्या पेशी कमी असतात. आत जरासे खरचटले तरी जंतू रक्तात जातात आणि जिवावर बेतते. रक्त गोठविणाऱ्या पेशी कमी असतील तर रक्तस्राव थांबत नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. आठ दिवस शौचास नाही आणि मग एकाएकी पातळ पाण्यासारखे थोडे थोडे गळू लागते. घरच्यांना वाटते, जुलाब लागले. आणि ते जुलाब थांबविण्याची गोळी देतात. प्रत्यक्षात खडा आत अडलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मल पाझरत असतो. ती गोळी दिली तर अडचण दुप्पट होते. म्हणून मलावरोधानंतरचे जुलाब दिसले की आधी डॉक्टरांना कळवावे.

काही लक्षणे अशी आहेत की, ती दिसल्यावर घरी थांबू नये. पोट फुगून टणक झाले, वारा सरत नाही, ओकाऱ्या होतात आणि कळा येतात, तर आतडे अडल्याची शंका घ्यावी. अशा वेळी कोणतेही रेचक देऊ नये, रोग्याला रुग्णालयात न्यावे. पाठीत नवे दुखणे, पायांतले बळ जाणे किंवा बधिरपणा, लघवी अडणे, आणि त्याबरोबर शौचास न होणे, हे मज्जारज्जूवर दाब आल्याचे चिन्ह असू शकते; तेथे तासांचा हिशेब असतो. फार तहान, वारंवार लघवी, भ्रमिष्टपणा आणि मलावरोध ही एकत्र आली तर रक्तातील कॅल्शियम वाढलेले असू शकते. ताप किंवा शौचातून रक्त हीही तशीच तातडीची लक्षणे. आणि यांतले काहीच नसले तरी तीन दिवस शौचास झाले नाही, तर चौथ्या दिवसाची वाट न पाहता कळवावे.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात औषधाची चिठ्ठी वाचून घ्यायला लोक आपल्याकडेच येतात. त्या वेळी एक जुनी वही घ्यावी आणि रेघा मारून चार रकाने पाडून द्यावे: तारीख, वेदनेचे औषध, पोटाचे औषध, शौचास झाले की नाही व कसे. घरातल्या शाळकरी मुलालाही ती वही भरता येते. १९९७ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील डॉक्टरांनी मलाच्या सात प्रकारांचा एक चित्रतक्ता प्रसिद्ध केला. सुट्या खड्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत सात चित्रे. ज्याला बोलायला संकोच वाटतो, त्याने नुसते चित्रावर बोट ठेवले तरी डॉक्टरांना कळते. असा तक्ता दवाखान्यात मिळाला तर वहीत चिकटवून ठेवावा. पुढच्या खेपेला औषधांच्या पिशवीबरोबर ती वहीही न्यावी.

आणि घरच्या माणसांनी रोज सकाळी, "रात्री झोप लागली का?" असे विचारतो तितक्याच सहजपणे "पोट साफ झाले का?" असेही विचारावे. सुनेने विचारणे अवघड वाटत असेल तर मुलाने विचारावे, नातवाने विचारावे. माझ्या चुलत्यांना हा प्रश्न सातव्या दिवशी विचारला गेला. तो पहिल्या दिवशी विचारला गेला असता, तर त्या गोळ्या पुडीत जमल्या नसत्या.